भुरीची पिल्ले आणि कांताचे घर

मी, सिंधू देवराव नगराळे, वय सदुसष्ट, धर्म बौद्ध, धंदा पूर्वी प्रसूतिगृहात नर्स आणि आता निवृत्त, राहणार पाचपावली, नागपूर, माझ्या पश्चात कोणी कोणाच्या तोंडाला लागू नये म्हणून हा कागद करून ठेवते. चष्मा लावून, दिवसाउजेडी, स्वतःच्या अक्षरात लिहिते आहे. मला कोणी भरीला घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. गुडघे गेले आहेत, डोके जाग्यावर आहे. माझा पुतण्या रुपराव याला या दुसऱ्या गोष्टीबद्दल शंका आहे असे कानावर आले, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही आणि पुन्हा करण्याचा उत्साह नाही, तेव्हा हाच धरावा.

वकीलसाहेबांनी सांगितले होते की आधी घर लिहावे, मग पासबुक, मग किरकोळ. मी ते उलटे केले आहे. जन्मभर मी लोकांना चार समजुतीच्या गोष्टी सांगत आले. म्हातारी बोलायला लागली की एकीला चुलीवरचे दूध आठवते, दुसऱ्याला सायकलची हवा. मृत्युपत्र वाचताना मात्र कोणी उठत नाही, कारण घर कोणाला गेले ते कळायचे असते. म्हणून घराचे कलम मागे ठेवले आहे. मधले काही गाळू नये अशी ताकीद मी उत्तरा मुंडले हिला दिली आहे. उत्तरा माझ्यानंतर प्रसूतिगृहात लागलेली नर्स. या कागदाप्रमाणे सगळे घडवून आणण्याचे काम मी तिच्यावर सोपवते.

या कागदात नावे चारपाच येतील, पण तो एका बाईसाठी आहे. माझी भाची कांता, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, वीसवर वर्षे माझ्याजवळ राहते. गल्लीत तिच्या हातचे पापड चालतात, तिने शिवलेली झबली चालतात, पण झबल्यातले बाळ कोणी तिच्या हातात देत नाही. मी गेल्यावर हे असेच राहू नये, एवढी माझी इच्छा आहे.

कलम पहिले, देहाविषयी. त्रिशरण-पंचशील म्हणावे, पांढरे वस्त्र घालावे आणि आटपावे. जेवण घालायचेच असेल तर वडाभात करावा आणि वरून तेल घालताना हात आखडू नये. छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा माझे यजमान देवराव यांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. अपशकुनांचे गाठोडे बांधायचे मात्र पुष्कळांकडून राहून गेले. माझ्या मागे कोणी कावळ्याची वाट पाहत बसू नये. कावळ्याचे आणि माझे कधी पटले नाही.

कलम दुसरे. माझी चामड्याची बॅग, तिच्यातली कात्री, चिमटे, बाळ तोलायचा स्प्रिंगचा काटा आणि पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा लाकडी कर्णा उत्तराला द्यावा. या बॅगेने पाचपावलीची अर्धी मतदारयादी जन्माला घातली आहे. बॅगेबरोबर माझा एक हट्टही तिच्याकडे जातो. आपल्याकडे गायीच्या चिकाचा खरवस चवीने खातात आणि बाळंतिणीचा चीक, म्हणजे पहिले पिवळट दूध, घाण म्हणून पिळून टाकतात. तीन दिवस लेकराला गुळाचे पाणी चाटवतात. त्या चिकात लेकराचे बळ असते. हे सांगताना मी किती सासवांच्या शिव्या खाल्ल्या त्याचा हिशेब नाही. माझी थोरली जाऊ बायजाबाई हिला रुपराव झाला तेव्हा मी लेकरू तिच्या पदराखाली लावले आणि दारात पाट टाकून बसले, आमच्या सासूबाई आत येऊ नयेत म्हणून. सासूबाई बाहेरून सगळे कूळ उद्धरत होत्या. रुपराव आज धडधाकट आहे तो त्या चिकावर. त्याला हे ठाऊक नसावे, आता झाले.

कलम तिसरे. देवरावांची सायकल त्याच रुपरावला देते. ती त्याच्याकडेच आहे. देवराव गिरणीतून निवृत्त झाले त्या आठवड्यात तो बाजारात जाऊन येतो म्हणून घेऊन गेला, आणि अजून त्याचा बाजार आटोपलेला नाही. तरी सगळे कायदेशीर असावे. पंप माझ्याकडे राहिला आहे, तोही न्यावा.

कलम चौथे, कांता. हिचे लग्न नरखेड तालुक्यातल्या एका गावी झाले. मुलगा बायजाबाईच्या सख्ख्या भावाचा, घरी संत्र्याची झाडे, विहिरीला पंप. स्थळ बायजाबाईनेच आणले आणि तेव्हा आम्हाला त्याचा आनंद झाला होता. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात पडले. पुढे दोन मुलगे पूर्ण दिवसांचे झाले, आणि दोन्ही दुसऱ्या दिवशी हळदीसारखे पिवळे पडून गेले. दुसऱ्यानंतर मी तिला इकडे आणून रक्त तपासले. तिचा रक्तगट निगेटिव्ह निघाला, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. अशा जोडप्यात एखाद्या आईचे रक्त पोटातल्या बाळाच्या रक्ताला परके समजते आणि ते फोडते. पहिल्या खेपेला ते तसे शिकते आणि मग विसरत नाही. त्यावरचे इंजेक्शन तेव्हा आपल्याकडे आलेले नव्हते. आई निर्दोष असते, बापही निर्दोष असतो. मी गावी जाऊन हे सगळे सांगितले. त्यांनी मला संत्र्याचा रस दिला, ऐकून घेतले, आणि मी एस.टी.त बसल्यावर म्हणाले ते असे की, "हिच्या दुधातच जहर आहे."

हे वाक्य बायजाबाईने नागपूरला आणले. नवऱ्याने दुसरी केली. कांता पत्र्याची पेटी घेऊन माझ्याकडे आली, पण ते वाक्य तिच्या आधी गल्लीत येऊन बसले होते. रुपरावच्या मुलाच्या बारशाला कांताने पाळण्यातले बाळ उचलले. भरल्या घरात बायजाबाई म्हणाली, "ठेव वं त्याले खाली." कांताने ठेवले. मी बोलले, पण मी एकटी होते आणि रागाने बोलले, म्हणून ते भांडणात जमा झाले. त्या दिवसापासून गल्लीत हा रिवाज पडला.

कलम पाचवे, भुरी. वकीलसाहेबांनी येथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते, ते मी खोडले आहे.

भुरी म्हणजे राखी रंगाची, लांब केसांची, झुबकेदार शेपटीची मांजर. कांता सिव्हिल लाइन्समधल्या एका बाईंचे ब्लाउज शिवत असे. त्यांच्या साहेबांची बदली झाली आणि भुरी आमच्याकडे आली. गल्लीतले पोट्टे तिला बघायला यायचे आणि ती त्यांच्याकडे पाठ करून बसायची. तिला जोडीदार मिळाला तो लकडगंजातल्या धान्याच्या गोदामातला. अंगाने पिवळा, कान फाटका, हमाल त्याला सेठ म्हणत. तेवढ्या लांबून तो आमच्या कवेलूंच्या छपरावर कसा येऊन बसायचा ते त्याचे त्याला माहीत.

पहिल्या खेपेला गुबगुबीत पिल्ले झाली आणि डोळे मिटलेलेच आईला लुचू लागली. मी कांताला म्हटले, पाहा, मांजरीला जे कळते ते माणसाला शिकवावे लागते. दुसऱ्या दिवशी पिल्ले मलूल झाली. फडक्यावर लघवीचे डाग पडले ते कोऱ्या चहाच्या रंगाचे. हिरड्या पिवळ्या. एकाच्या शेपटीचे टोक काळे पडले. मग एकेक करत सगळी गेली. भुरी रिकाम्या टोपलीत तोंड घालून ओरडत होती आणि कांता मशीन सोडून तिच्याजवळ बसली होती.

दुसऱ्या खेपेला तेच झाले. गल्ली म्हणाली, जशी मालकीण तशी मांजर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत असे ओरडायची आपली नागपूरची रीत आहे, त्यात वाईट काही नाही. आमच्या घरासमोर पोट्टे ओरडले, "कांताबाईची मांजर घेऊन जा गे मारबत." लेकरांना हे सुचत नाही, ते घरात ऐकलेले असते. संध्याकाळी बायजाबाई येऊन म्हणाली की, रुपराव कळमेश्वरकडे चालला आहे, भुरीला पोत्यात घालून दे, तिकडे कारखान्यांमागे सोडून देईल. कांताने भुरीला उचलले आणि आतून कडी लावली.

मी मात्र फडक्यावरच्या त्या रंगापाशी अडले होते. तो पिवळा रंग माझ्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी मी भुरीला टोपलीत घालून रिक्षाने गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात नेले. व्हरांड्यातला एक जण हसला, "बाई, अथी म्हशी रांगेत हायेत, अन् तुम्ही मांजर घेऊन आल्या." मी म्हटले, म्हशीच्या मागे उभी राहते. आणि राहिले.

तेथे डॉ. श्रीधर घाटे भेटले. हे धीराचे गृहस्थ. त्यांनी विचारले, "पिल्लं जन्मताना कशी होती?"

"ठणठणीत."

"दूध प्यायली?"

"पोटभर."

"आणि मग बिघडली." त्यांनी टोपलीत वाकून भुरीकडे पाहिले. "बाई, मांजरांनाही रक्तगट असतात. मी हे वाचलं आहे, पाहिलेलं नाही. बोक्याचं रक्त मिळेल का?"

सेठचे रक्त मिळवण्यासाठी गोदामातल्या दोन हमालांनी पोते आणि डॉक्टरांनी मनगट खर्च केले. घाट्यांनी पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर सेठच्या रक्ताचा थेंब ठेवला, त्यात भुरीच्या रक्तावरचे निवळ पाणी सोडले आणि तुकडा हलवला. रक्त नासलेल्या दुधासारखे कणीदार झाले. आम्ही दोघे वाकून बघत होतो. "अंदाज बरोबर निघाला," ते म्हणाले. मला आनंद व्हायला हवा होता.

आनंद का झाला नाही ते सांगते. घाटे म्हणाले की, भुरीचा रक्तगट थोड्या मांजरींत असतो, लांब केसांच्या जातींत जरा जास्त. अशा मांजरीच्या रक्तात दुसऱ्या गटाविरुद्धचे द्रव्य मुळातच असते. पिल्लांनी बापाचा गट घेतला तर पोटात त्यांना धक्का लागत नाही, नाळेतून ते द्रव्य जवळपास जात नाही. ते जाते पहिल्या दिवसाच्या दुधातून. म्हणजे चिकातून. ज्या चिकासाठी मी नोकरीभर घसा कोरडा केला, तो माझ्याच घरातल्या मांजरीच्या पिल्लांचे रक्त फोडत होता. आणि घरी एक बाई होती, जिला तुझ्या दुधात जहर आहे असे सांगून घराबाहेर काढले होते. रिक्षात मी ठरवले की हे कोणाला सांगायचे नाही.

कांताने दारातच विचारले, "काय म्हणे डाक्टर?"

"रक्ताचं आहे."

"मावशी, तू नर्स आहेस. अर्धं नको सांगू."

मी सगळे सांगितले. ती सुईत दोरा घालत होती, तो घालून झाला. मग म्हणाली, "म्हणजे दुधातच होतं."

"भुरीच्या. तुह्या नाही."

"माह्या नाही हे तुले कसं माहीत?"

मी तिला पुन्हा समजावले की, माणसात हे पोटातच, नाळेतून होते, दुधाचा त्यात संबंध नाही. ती ऐकत होती, पण हे तिने माझ्याकडून पूर्वीही ऐकले होते आणि मावशी आपल्या मायेने बोलते असे तिने धरले होते. मग मला एक सुचले. मी विचारले, "कांता, दुसरं लेकरू दूध किती प्यायलं?"

"प्यायलं कुठी? चीक पाजू नाही म्हणे. गुळाचं पाणी देत होते."

"अन् चीक?"

"वाटीत पिळून घेतला. आत्याबाईनं वाटी बाहीर नेऊन बाभळीखाली ओतली." कांता बायजाबाईला आत्याबाई म्हणते. त्या बाळंतपणाला बायजाबाई माहेरी गेलेली होती.

"म्हणजे लेकराच्या तोंडात तुह्या दुधाचा थेंब गेला नाही."

"नाही."

"मंग जहर गेलं कोठून?"

कांताने सुई खाली ठेवली. इतकी वर्षे ती दोन्ही गोष्टी जाणत होती आणि त्या एकमेकींशेजारी कोणी ठेवल्या नव्हत्या, तिने नाही, मीही नाही. मग ती रडली. मीही रडले. हे मृत्युपत्रात लिहायला लाज वाटत नाही.

पुढच्या खेपेला आम्ही तयार होतो. भुरी दुपारी व्याली. कांताने प्रत्येक पिल्लू आईने चाटून स्वच्छ केले की लगेच उचलले, तोंड लागू दिले नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तयार केलेले दूध कोमट करून ड्रॉपरने थेंबथेंब पाजले, ओल्या कापसाने पुसून त्यांना लघवी करवली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवली. मी दाराच्या दुसऱ्या बाजूला भुरीजवळ बसले. ती दार ओरबाडत होती आणि माझ्याकडे अशी बघत होती की मला पूर्वीच्या सगळ्या सासवा आठवल्या. त्यातच बायजाबाई आली, तिने प्रकार पाहिला आणि म्हणाली, "पाह्य, मी काय म्हणत होती? चीक टाकूनच द्या लागते." मी समजावून सांगायला तोंड उघडले तर तिला चुलीवरचे दूध आठवले. म्हणून तिला द्यायचे उत्तर या कागदात आहे.

एक दिवस उलटल्यावर पिल्लाचे आतडे ते द्रव्य आत घेत नाही. मग तेच दूध त्याला सोसते, मानवते. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर कांताने दार उघडले, पिल्ले ओटीत घेऊन आली आणि भुरीपुढे ठेवली. म्हणाली, "घे वं माय. आता पाज पोटभर." सगळी जगली. आज त्यातले एक घाट्यांकडे आहे, एक लकडगंजात बापाच्या गोदामावर, आणि दोन येथे माझ्या अंथरुणावर केस सांडतात. भुरीचे नंतर कॉलेजातच ऑपरेशन करून घेतले, तिने पुष्कळ सोसले होते.

कलम सहावे, पत्रक. हे छापावे की नाही यावर मी अडून बसले होते. छापले तर बाया म्हणणार, नर्सबाईनेच लिहून दिले की पहिले दूध वाईट असते, आणि पुन्हा लेकरे गुळाच्या पाण्यावर. निर्णय कांताने दिला. ती म्हणाली, "तू छाप मावशी. मांजरीचं खरं लपवलं तर माह्यं खरं कोण ऐकन?" यंदा पहिल्यांदा वाटले. मजकूर माझा, तपासणी घाट्यांची. पुढेही दरवर्षी मारबतीच्या दिवशी वाटावे, त्या दिवशी सगळे नागपूर रस्त्यावर असते. मजकुरात काना-मात्रेचा फरक करू नये. तो असा:

"तुमच्या मांजरीची पिल्ले जन्मताना चांगली असून दूध प्यायल्यावर एकदोन दिवसांत मलूल पडतात का? लघवी लालसर किंवा तपकिरी होते का? हिरड्या पिवळ्या पडतात, शेपटीचे टोक काळे पडते का? हा रक्ताचा एक दुर्मीळ आजार असू शकतो. मांजर अपशकुनी नाही. ती पिल्ले खात नाही, मारत नाही. तिला पोत्यात घालून सोडू नका. गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. पुढच्या खेपेला ते सांगतील त्याप्रमाणे पिल्लांना पहिला एक दिवस आईच्या दुधापासून दूर ठेवून वरचे दूध पाजा, मग आईजवळ द्या. हे फक्त अशा मांजरीसाठी आहे. माणसाच्या बाळाला आईचा चीक जन्मल्याबरोबर पाजा. तो टाकणे हा अपराध आहे."

शेवटचे वाक्य जाड ठशात असावे. प्रेसवाला शाई वाचवतो, त्याच्यासमोर उभे राहावे.

पत्रकाचा परिणाम म्हणाल तर कळमेश्वरच्या एका कारखान्याचा चौकीदार टोपलीत मांजर घेऊन बसने आला. त्याच्या पिल्लांना पिसवांनी खाल्ले होते, हा आजार नव्हता. आणखी कोणी कोणी आले, त्यांचेही दुसरेच काही निघाले. घाटे म्हणतात, दुर्मीळ म्हणजे दुर्मीळच. तरी माणसे पोत्याऐवजी टोपली घेऊन येतात यावर मी समाधानी आहे.

कलम सातवे. पोस्टातल्या पासबुकात जे असेल त्याच्या व्याजातून पत्रकाचा खर्च व्हावा, आणि उरेल ते भुरी व तिच्या दोन लेकींच्या दुधाला. मुद्दलाला हात लावू नये. मुद्दल पाहून कोणाच्या मनात काही येईल इतके ते नाहीही. कानातली फुले कांताची. शिलाई मशीन तिचे स्वतःचे आहे, ते माझ्या इस्टेटीत मोजायला कोणी येऊ नये.

कलम आठवे, घर. दोन खोल्या कवेलूंच्या, एक स्लॅबची, पुढे अंगण, मागे न्हाणी. ही जागा मी माझ्या पगारातून घेतली आणि खरेदीखत माझ्या नावाचे आहे. हे संपूर्ण घर मी माझी भाची कांता हिला देते. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, मांजरांनी भरावे. कोणतीही अट नाही. रुपरावने यात मन खट्टू करू नये. त्याला त्याच्या बापाचे घर आहे, मुलगा कमावता आहे, आणि सायकलही आहे. कांताला जे मिळायला हवे होते ते घर नव्हते, पण माझ्या हातात देण्यासारखे घरच आहे.

कलम नववे. बायजाबाईला मी काही ठेवलेले नाही, कारण ती या कागदाची साक्षीदार आहे, आणि वकील म्हणतात साक्षीदाराला काही देऊ नये. तिला साक्षीदार करण्यात माझा कंजूषपणा नाही. आम्ही दोघी एकाच घरात नव्या सुना म्हणून आलो, एका चुलीवर भाकरी थापल्या. तिच्यावर माझा राग आहे आणि तिच्याशिवाय माझे पान हलत नाही. तिने हे ऐकावे एवढ्यासाठी तिची साक्ष घेते.

साक्षीबाबत नोंद. आज रविवारी, माझ्या घरी, रुपरावसकट सर्वांसमक्ष उत्तराने हा कागद पहिल्यापासून वाचून दाखवला. कायद्याने साक्षीदाराला मजकूर कळण्याची गरज नसते, पण बायजाबाईला वाचता येत नाही, आणि न ऐकता अंगठा देणार नाही असे ती म्हणाली. ती पूर्ण वेळ बसली. सायकलीच्या कलमाला हसली. पाचव्या कलमात वाटीचे आले तेव्हा तिने हात वर केला.

"ते पुन्हा वाच वं पोरी."

उत्तराने पुन्हा वाचले. बायजाबाई म्हणाली, "जर्मनची वाटी होती. मीच नेली. मीच ओतली." मग, "एक थेंब नाही जाऊ देल्ला मी त्या लेकराच्या तोंडात." घराचे कलम आले, संपले, तिचे लक्ष नव्हते. शेवटी तिने अंगठा दिला आणि शाई पदराला पुसली.

कांता चहा घेऊन आली. बायजाबाईने कप घेतला नाही. म्हणाली, "कांते, माघात रुपरावच्या सुनेचं बाळंतपण आहे."

"हो, आत्याबाई."

"लेकरू झालं का पह्यले तुह्याच हातात देईन. नाही म्हणू नको."

कांता ट्रे धरून उभी राहिली. मग तिने तो खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. रुपराव उठला आणि त्याने सगळ्यांना कप दिले.

वकीलसाहेब म्हणतात, ही एवढी नोंद मृत्युपत्रात बसत नाही. मी त्यांना म्हटले, बाकीचे एखादे कलम गाळा, पण ही राहू द्या. हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून देणार: सिंधू देवराव नगराळे (सही)

साक्षीदार पहिली: बायजाबाई धोंडबा नगराळे, राहणार पाचपावली (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार दुसरे: डॉ. श्रीधर केशव घाटे, राहणार नागपूर (सही)

स्थळ: पाचपावली, नागपूर
दिनांक: ११ डिसेंबर १९८८